साडेतीन बाय दोन

व्हिजिटिंग कार्डाचं माप साडेतीन इंच बाय दोन इंच. डॉक्टर असो, केटरर असो नाहीतर पत्रिका बघणारे गुरुजी असोत, सगळ्यांना तेवढीच जागा. आमचं पुण्यात डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, त्यामुळे अशी कार्डं रोज हाताखालून जातात. इस्टेट एजंट येतो, जुनं कार्ड काउंटरवर टाकतो, "हेच राहू द्या, फक्त नंबर बदला" म्हणतो आणि चहा प्यायला जातो. तो परत येईपर्यंत काम झालेलं असतं. पण अप्लाइड आर्टचं, म्हणजे जाहिरात-डिझाइन शिकणारं पोरगं स्वतःचं कार्ड छापायला आलं की आमचा ऑपरेटर आधी माझ्याकडे बघतो आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

कारण इथे गिऱ्हाईकही तेच आणि कलाकारही तेच, आणि दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. पोरगं ऑपरेटरच्या खुर्चीमागे उभं राहतं, मान वाकडी करून स्क्रीनकडे बघतं, नाव केसभर वर घ्यायला लावतं, पुन्हा खाली आणायला लावतं. सॅम्पल प्रिंट हातात पडली की खरा प्रश्न येतो, "काका, हा काळा अजून थोडा काळा होईल का?"

हसू नका, प्रश्न रास्त आहे. छपाईत चार रंग असतात, सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. नुसता ब्लॅक शंभर टक्के दिला तरी मोठ्या पट्ट्यात तो जरा राखाडीच वाटतो. त्यात बाकी तिघांची थोडी थोडी भर घातली की मग तो मिट्ट होतो. पण तोच भर घातलेला काळा बारीक अक्षरांना दिला आणि छपाई एवढीशी सरकली, की अक्षरांना रंगीत कडा दिसायला लागतात. म्हणजे पट्ट्याचा काळा वेगळा, अक्षरांचा वेगळा. एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न तयार असतो, मोबाईलवर झगझगीत दिसणारा पोपटी कागदावर मलूल का झाला? स्क्रीन स्वतः उजेड फेकते बाळा, कागद बिचारा अंगावर पडलेला उजेड तेवढा परत करतो. मग आणखी एक प्रश्न. मागे रांगेत लॅमिनेशनवाले, स्पायरल बाइंडिंगवाले ताटकळत असतात, पण या पोरांशी असं बोलायला मला आवडतं. इस्टेट एजंटाने आजवर काळ्या रंगाबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

इतकी कार्डं बघून एक गोष्ट ध्यानात आली आहे. अक्षरांच्या आकारावरून पोरगं कितव्या वर्षाला आहे ते सांगता येतं. पहिल्या वर्षाच्या कार्डावर सगळं असतं. लोगो डिझाइन, इलस्ट्रेशन, कॅलिग्राफी, फोटोग्राफी, भिंतीवरचं पेंटिंग, रांगोळी, जमलंच तर व्हिडिओ एडिटिंग. तिसऱ्या वर्षी वारं फिरतं. आता कार्ड पांढरंफेक. मधोमध नाव, तेही फिकट करड्या रंगात, साडेचार पॉइंटात, म्हणजे मुंगीएवढ्या आकारात, इंग्रजी लहान अक्षरांत आणि स्वर गाळून. फोन नंबर शोधायला माझा चष्मा पुरत नाही. "मिनिमल आहे काका," असं उत्तर मिळतं. काहींचं खरोखरच असतं. पण पुष्कळांच्या बाबतीत मला वेगळाच संशय येतो. कुणी कार्ड वाचलंच आणि काही विचारलंच तर काय सांगायचं, या धास्तीने अक्षरं आकसलेली असतात. माझ्या म्हणण्याला शास्त्राधार काही नाही, काउंटरच्या आतून जे दिसतं ते सांगतो.

ही धास्ती येते कुठून तेही दिसतं. बार्शीची, चिपळूणची, भुसावळची ही मुलं आपापल्या शाळेत चित्रकलेचे राजे असतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड, फळ्यावरचा सुविचार यांच्या हाताचा, स्नेहसंमेलनाचा पडदा यांनीच रंगवलेला, गल्लीतल्या गणपतीची आरासही यांच्याकडेच. मग सीईटी होते, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग वगैरे पार पडतं, कॉलेजात पाऊल पडतं आणि कळतं की वर्गातल्या प्रत्येकानेच आपापल्या शाळेचा फळा लिहिलेला आहे. वर ज्युरीला, म्हणजे केलेलं काम सरांसमोर मांडायच्या वेळी, सर विचारतात, "हे असं का केलंस?" आजवर कौतुक सगळ्यांनी केलेलं असतं, 'का' कुणीच विचारलेलं नसतं. 'छान वाटलं म्हणून' हे उत्तर तिथे चालत नाही. सबमिशनच्या आठवड्यात माउंटबोर्ड पोटाशी धरून, जागरणाने डोळे तांबारलेली ही पोरं दुकानात उभी असतात तेव्हा त्यांच्यातला शाळेतला राजा ओळखूही येत नाही.

आणि नेमकी याच पोरांना पर्सनल ब्रँडिंगची असाइनमेंट मिळते. स्वतःचा लोगो, कार्ड, लेटरहेड, इन्स्टाग्रामचं पान, सगळं एका धाग्यात. वीस-एकवीस वर्षांच्या माणसाला विचारायचं, तुझं वेगळेपण काय ते साडेतीन बाय दोनमध्ये सांग. मला आज कुणी विचारलं तर मी बिलबुक आणायच्या निमित्ताने आत निघून जाईन.

खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचंच नसतं, असं माझं मत होत चाललं आहे. आपला मोबाईल उघडून बघा. गणेश प्लंबर. सुनीता फॉल-पिको. फ्रिजवाले जोशी. मावशी पोळ्या. यांतल्या एकानेही लोगो केलेला नाही आणि ही नावं आपण त्यांना विचारून टाकलेली नाहीत. हे माणूस आपल्या कोणत्या कामी आलं, तेवढंच तिथे नोंदलेलं असतं. आमच्या दुकानाला चांगलं नाव आहे, पाटी आहे, पाटीला लाइट आहे. पण निम्म्या कॉलेजच्या मोबाईलमध्ये मी 'कटिंग काका' आहे, कारण पोर्टफोलिओची पानं मी मशीनवर एका रेषेत कापून देतो. चहाशी त्याचा संबंध नाही, हे नव्या मुलांना सांगावं लागतं.

साताऱ्याकडची एक मुलगी अशीच यायची. तिचं तिसऱ्या वर्षाचं कार्ड त्या पांढऱ्याफेक घराण्यातलंच होतं, नावात स्वर नाहीत आणि कोपऱ्यात एक त्रिकोण. १३ बाय १९ इंचांच्या एका शीटवर आम्ही २४ कार्डं बसवतो. ती एक शीट काढायची आणि ती २४ वाटून व्हायच्या आत नवं डिझाइन घेऊन हजर. मी म्हणायचो, अगं, आधी ती तरी संपव. "काका, ती मी नाहीच्चे," असं तोंड वाकडं करून सांगायची. त्रिकोण जाऊन वर्तुळ आलं, वर्तुळ जाऊन चिमणी आली. चिमणी का, ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

याच काळात ती जिथे जेवायची त्या खानावळीच्या काकूंनी तिला दरांचा बोर्ड लिहून मागितला. हिने काळ्या प्लायवर पांढऱ्या रंगाने लिहिला. फोटो काढून मला दाखवायला आली, कारण खाली लावायच्या सूचनांची पट्टी छापून हवी होती, 'रविवारी संध्याकाळी बंद' वगैरे. मी फोटो मोठा करून बघत बसलो. 'थाळी' असं लिहिलं होतं. 'थ'ची गाठ भरगच्च, 'ळ'चे दोन्ही डोळे एकसारखे, आणि 'ळी'च्या वेलांटीचा दांडा सरळ खाली ओढत नेऊन बरोबर '८० रुपये' या आकड्यापाशी टेकवलेला. बोर्ड वाचणाऱ्याची नजर त्या दांड्यावरून घसरत थेट भावावर. मी विचारलं, हे असं का? तर ती ज्युरीतल्यासारखी गडबडली नाही. म्हणाली, "लोक दारात उभं राहून थाळी कितीला, थाळी कितीला विचारतात, काकूंच्या तव्यावरची पोळी करपते."

तिच्या वहीत कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी घडवलेल्या अक्षरांची कात्रणं चिकटवलेली आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. रद्दीवाल्याकडे बसून जुने अंक चाळून जमवलेली. शेडग्यांचं अक्षर पाहून माहीतगार माणूस जाहिरातीवर सही शोधत बसत नसे, हात ओळखू यायचा. र. कृ. जोशी यांचं उदाहरण याच्या उलट. विंडोजवर ज्याने म्हणून मराठी वाचलं त्याच्या नजरेखालून त्यांचा 'मंगल' फॉन्ट गेलेला असणार, पण दुकानात येणाऱ्या दहा जणांना विचारलं तर नऊ जण म्हणतील, तो कॉम्प्युटरमध्ये असतोच की. स्टेट बँकेची ती निळी खूण १९७१ साली एनआयडीच्या, म्हणजे अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या शेखर कामत यांनी केली. पासबुक रोज उघडणाऱ्यालाही हे नाव ऐकून माहीत नसतं. खूण मात्र लांबून दिसते.

१९७१ म्हटलं की रांगेतलं एखादं पोरगं लगेच नाइकीवर येतं. त्यांना ती गोष्ट तोंडपाठ असते. कॅरोलिन डेव्हिडसन ही अमेरिकेत पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत ग्राफिक डिझाइन शिकत होती, तिने ती स्वूशची, म्हणजे बुटावरच्या बाकदार रेघेची खूण काढून दिली आणि तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीचे एक संस्थापक फिल नाइट यांना ती खूण सुरुवातीला फारशी आवडलीही नव्हती. १९८३ मध्ये कंपनीने तिला शेअर दिले आणि हिऱ्याची अंगठी दिली. पोरांना या गोष्टीतले शेअर तेवढे आठवतात. मी म्हणतो, मधली १२ वर्षं आठवा आणि आपला भाव आधीच ठरवून घ्या.

कारण भाव सांगायची वेळ आली की या पिढीचा आवाज बसतो. इन्स्टाग्रामवर बिनधास्त, फोनवर मात्र "काय द्यायचं ते द्या ना सर." समोरचा मग देतो तेच. पहिली गिऱ्हाइकं नात्यातली असतात, ती तर आणखी वाईट. आत्याच्या मुलाची पत्रिका फुकट, कारण "कॉम्प्युटरवरच तर करायची आहे." मामाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, त्यात एकवीस जणांचे फोटो आणि एकाचंही डोकं दुसऱ्यापेक्षा लहान दिसता कामा नये. मामाचं कामही फुकटच, वर केक खाऊन यायचं.

सातारकर मुलीला खानावळीच्या बोर्डाचे पैसे मिळाले नाहीत, महिनाभराचे खाडे, म्हणजे न जेवलेले दिवस, बिलातून वजा झाले आणि रविवारची फीस्ट मिळाली. पण तो बोर्ड बघून शेजारच्या स्टेशनरीवाल्याने काकूंकडून तिचा नंबर घेतला, मग एका पोळी-भाजी केंद्राने घेतला. तिला फोन येऊ लागले ते "थाळी बोर्डवाल्या मॅडम ना?" असे. स्टेशनरीवाल्याने तर तिच्यासमोरच मोबाईल काढून नाव 'थाळी बोर्ड' म्हणून साठवलं. तिने त्याला आपलं कार्ड दिलं होतं, त्याने ते सुलटं-उलटं करून विचारलं, "यात नाव कुठलं?" दुकानात येऊन तिने हे सांगितलं तेव्हा चिडली होती की हसत होती, नक्की कळेना.

पुढचं कार्ड आलं त्यावर चिमणी नव्हती. नाव देवनागरीत, तिच्याच हातचं, स्वरांसकट, हातभरावरून वाचता येईल एवढं. खाली 'पाट्या, बोर्ड, मराठी अक्षरं' आणि नंबर. मागची बाजू कोरी, "भाव लिहून द्यायला जागा लागते काका." ऑपरेटरने सवयीने विचारलं, नाव जरा वर घेऊ का? ती म्हणाली, नको, आहे तिथे ठीक आहे. सॅम्पल प्रिंटही एकदाच काढली.

परवा ती पुन्हा आली. म्हणाली, "काका, आता शीट नको, हजार छापायची आहेत. आणि मला विद्यार्थ्यांचा भाव नको, धंद्याचा सांगा." ऐकून मला अगदी भरून आलं. मग हिशेब करायला घेतला तेव्हा लक्षात आलं, हजार कार्डं दुसऱ्यांच्या कामांबरोबर ऑफसेटवर, म्हणजे मोठ्या संख्येच्या छपाईच्या मशीनवर लावली की एका कार्डाचा दर माझ्या विद्यार्थ्यांच्या भावापेक्षा कितीतरी खाली येतो, आणि हे तिला आधीपासून पक्कं माहीत होतं. मॅट लॅमिनेशनही तिने त्यातच बसवून घेतलं.