पोटावरची, मांडीवरची

आमच्या घराण्यात पुरुषांची पोटं सुटतात आणि पाय काटकुळेच राहतात. बायकांचं उलट. दंड बारीक, गळ्याची हाडं वर आलेली, आणि चरबीचा सगळा ऐवज कंबरेखाली. एकाच कढईतली चकली खाऊन ही वाटणी अशी का होते, याचं उत्तर घरात ‘अंगलोट’ एवढंच मिळायचं.

माझी बहीण दर जानेवारीत डाएट करते. फेब्रुवारीत तिचे गाल बसतात, येणारा-जाणारा ‘बरं नव्हतं का गं?’ विचारतो, आणि जीन्स मांडीत अडकते ती अडकतेच. ‘जायला हवी तिथून जातच नाही मेली,’ हे तिचं दरवर्षीचं वाक्य.

तिचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध आहे. उपास घडला, धावपळ झाली, की रक्तात अॅड्रेनलिन येतं आणि चरबीच्या पेशींना साठा मोकळा करायचा निरोप मिळतो. पण निरोप घेणारे रिसेप्टर दोन जातींचे. बीटा म्हणतात ‘सोड’, अल्फा-2 म्हणतात ‘थांब’. पोटावर ‘सोड’वाल्यांचं चालतं, बायकांच्या मांड्या-नितंबांवर ‘थांब’वाल्यांचं. बाळंतीण अंगावर पाजू लागली, की मात्र हीच चिक्कू मांडी हात सैल सोडते. तिने कोणासाठी राखून ठेवलं होतं, ते तेव्हा कळतं.

खाणं वाढलं तरी पोटावरची आणि मांडीवरची, दोघींची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी साधारण वजनाच्या माणसांना सुमारे आठ आठवडे आइस्क्रीम, चॉकलेट असलं काहीबाही भरपूर खायला लावलं. (आमच्या गल्लीतून रांग लागली असती.) 2010 साली निष्कर्ष छापून आले. पोटावर होत्या त्याच पेशी फुगल्या होत्या, मांड्यांत मात्र नव्या पेशी तयार झाल्या होत्या.

माझी भाची पॅथॉलॉजी शिकते. तिने एकदा मायक्रोस्कोपखाली चरबीची स्लाइड दाखवली, तर चरबीच गायब! स्लाइड तयार करताना ती झायलीन नावाच्या द्रावकात विरघळून जाते म्हणे. उरतात पातळ भिंतींची रिकामी गोल घरं आणि एखाद्या घराच्या कडेला चेपून बसलेलं जांभळं केंद्रक. अनारसा उजेडासमोर धरल्यावर जाळी दिसते ना, थेट तसं. टाचेची स्लाइड मात्र निराळी निघाली. तिथे तंतूंच्या जाड भिंतींचे कप्पे आणि त्यांत गच्च बसवलेली चरबी. ही साठवणीची नव्हेच, चालताना बसणारे हादरे झेलायची. माणूस उपासमारीने खंगला तरी शरीर हिला सहसा हात लावत नाही.

खरी खोडकर चरबी दिसतच नाही. ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती असते. चिमटीत येते ती कातडीखालची, तिच्यावर आपण उगाच डाफरतो. आतलीचं रक्त थेट यकृताकडे जातं, त्यामुळे तिने सोडलेली मेदाम्लंही आधी तिथेच जाऊन थडकतात. फ्रान्समधल्या मार्सेयचे डॉक्टर झाँ व्हाग यांनी 1947 मध्येच लिहून ठेवलं होतं, की चरबी किती यापेक्षा कुठे, हे पाहा. वरच्या अंगाची मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेते. मांड्यांची त्या मानाने गुणी. बहिणीला हे सांगितलं, तर म्हणाली, ‘गुणी असली तरी जीन्स नको का चढायला?’

आणि बारीक माणसाने निर्धास्त राहावं असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारीशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकर याज्ञिकांची 21.2! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही मोजली होती. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5. आपली बाळं स्नायूंत, पोटाच्या घेरात, सगळ्यातच कमी भरली. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास राखून होती. म्हणजे हाडकुळा दिसणारा मराठी माणूस आतून चांगला तुपकट असू शकतो, आणि तेही जन्मापासून. चितळ्यांच्या बाकरवडीवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही.

म्हणून आपल्याकडे वजनकाट्याबरोबर टेपही लावतात. कंबरेचा घेर पुरुषांचा 90 सेंटीमीटरच्या आत हवा, बायकांचा 80 च्या. आमच्याकडे शिवणाच्या डब्यातली टेप त्यासाठी बाहेर आली. काका मापाला उभे राहिले, की छाती फुगते, पोट आत जातं आणि चेहरा लाल होतो. काकू टेप धरून शांत उभ्या. ‘सोडा श्वास सावकाश,’ त्या म्हणतात, ‘मला घाई नाही.’