खाडीच्या काठाने कादेर इद्रिसपर्यंत

वेल्समध्ये चालायला जायचं ठरवलं की पहिलं काम नकाशाचं. मी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल 23 हा नकाशा घेतला. कादेर इद्रिसचा डोंगर आणि मौदाख नदीच्या खाडीचा बराचसा भाग त्या एकाच कागदावर येतो. प्रमाण 1:25,000, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावर शेतांचे बांधसुद्धा दिसतात. संध्याकाळी जेवणं झाली की तो टेबलावर पसरायचा आणि बोटाने वाट फिरवून बघायची, हा तयारीतला मला सगळ्यात आवडलेला भाग.

या नकाशावर हिरव्या आणि काळ्या तुटक रेषा असतात आणि त्यांतला फरक आधी समजून घ्यायला हवा. हिरवी रेषा म्हणजे कायद्याने सार्वजनिक असलेली वाट. बारीक तुटक असेल तर फक्त पायी चालणाऱ्यांची, लांब तुटक असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा. काळी तुटक रेषा एवढंच सांगते की तिथे जमिनीवर वाट उमटलेली आहे. तिच्यावरून जायचा हक्क आहे की नाही, ते ती सांगत नाही. मी सह्याद्रीत वाढले. आपल्याकडे गावातल्या माणसाला विचारायचं, तो हाताने दाखवेल त्या सोंडेने निघायचं, ही माझी सवय. इथे वाट एखाद्याच्या कुरणातून, कधी त्याच्या गोठ्याच्या अंगणातून जाते आणि तो काही म्हणू शकत नाही. कारण 1949 च्या कायद्यानंतर प्रत्येक काउंटीने आपापल्या हद्दीतल्या अशा वाटा अधिकृत नकाशावर नोंदवल्या. पुढे 2000 सालच्या कायद्याने उघड्या डोंगरमाळांवर वाट सोडूनही फिरायची मोकळीक दिली आणि वेल्समध्ये ती 2005 पासून लागू झाली. हे सहज मिळालेलं नाही. त्यासाठी माणसांनी भांडण मांडलं, 1932 मध्ये इंग्लंडातल्या किंडर स्काउटच्या माळावर लोक मुद्दाम घुसून चालले, तेव्हाच्या झटापटीवरून पाच तरुण तुरुंगातही गेले. हिरवी रेषा बघितली की मला त्यांची आठवण होते.

माझा मोठा भाऊ पुण्याहून आला होता, म्हणून जूनमधले दिवस निवडले. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे डोंगरावर उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. बर्मिंगहॅमहून आगगाडीने निघालो. या गाडीचे मखंथ्लेथला दोन भाग होतात. एक अ‍ॅबरिस्टविथला जातो, दुसरा किनाऱ्याने उत्तरेला बार्मथमार्गे. आपला डबा कोणत्या भागात आहे ते चढतानाच विचारून घ्यावं. किनाऱ्यावरची काही स्टेशनं विनंती थांब्याची आहेत. उतरायचं असेल तर गार्डला सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात करायचा. बार्मथहून टी3 बसने डॉल्गेथ्लायला गेलो. दगडी घरांचं, स्लेटच्या छपरांचं गाव. मुक्काम तिथेच.

पहिला दिवस खाडीचा ठेवला. डॉल्गेथ्लायपासून मोर्वा मौदाखपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून वाट जाते आणि तिथून पूल ओलांडला की बार्मथ, एकंदर साधारण पंधरा किलोमीटर. मार्ग 1965 मध्ये बंद झाला, रूळ निघाले, पण भराव राहिला आणि त्याची पायवाट झाली. चढ नावालाही नाही. लहान मुलं, सायकली, चाकाच्या खुर्चीतली माणसं, सगळे त्यावर दिसतात. म्हणून कोणी ती सोपी वाट म्हणून सोडून देतं, आणि मला ते पटत नाही. नुसतं खाडीकडे बघायला इतकी निवांत जागा डोंगरावर मिळत नाही.

आम्ही ओहोटीचं वेळापत्रक बघून निघालो होतो. वाट भरावावर असल्यामुळे तिच्यासाठी त्याची गरज नाही, पक्ष्यांसाठी आहे. पाणी उतरलं की रेतीचे पट्टे उघडे पडतात आणि काळेपांढरे, लाल चोचीचे शंखखोर त्यांवर उतरतात. कोरल म्हणजे कर्ल्यू दिसण्याआधी त्याची लांबट शीळ ऐकू येते. कडेच्या खाजणात मेंढ्या चरत होत्या. कोकणातल्या खाडीसारखाच तो चिखलाचा वास, फक्त खारफुटी नाही, त्या जागी आखूड गवत आणि वळवळत गेलेले खाऱ्या पाण्याचे ओहोळ. त्या रेतीवर उतरून मधूनच पलीकडे जायचा मोह होतो. तो आवरावा. रेती ठिकठिकाणी दलदलीची आहे आणि भरती मागच्या ओहोळातून आधी येते, त्यामुळे माणूस बेटावर अडकतो.

या पाण्याचा जोर किती, ते पेनमाइनपूलला कळतं. तिथे 1879 चा लाकडी टोलपूल आहे. 22 जुलै 1966 ला बार्मथहून सहलीला आलेली बोट प्रवाहात त्या पुलावर आदळून बुडाली आणि 15 माणसं गेली. आम्ही तिथे बाकावर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. पाणी वरून अगदी शांत दिसत होतं, खाली मात्र खांबांना वळसे घालत भराभर निघालं होतं. दादा बराच वेळ तिकडेच बघत बसला.

पुढे समोरच्या काठावर बॉन्तदी गाव येतं. त्याच्या मागच्या डोंगरात क्लोगाई ही सोन्याची खाण होती. ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नाच्या अंगठ्यांना तिथलं सोनं वापरायची रीत 1923 पासूनची. याच काठावर अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात ओकची लाकडं कापून जहाजं बांधली जात. आता ओकची राई आहे, धक्क्यांचे दगड कुठेकुठे दिसतात, बाकी सगळं गवताखाली.

बार्मथचा पूल हा या वाटेचा कळस. 1867 चा पूल, बहुतेक सगळा लाकडी, खाडीच्या तोंडावर जवळपास सातशे मीटर लांब. रेल्वे अजून त्यावरून धावते आणि तिच्या शेजारून पायी जाणाऱ्यांची फळ्यांची वाट आहे. फळ्यांच्या फटींतून खाली बघितलं की हिरवट पाणी समुद्राकडे धावताना दिसतं. आम्ही मध्यावर असताना गाडी आली. आधी कठड्याला कंप जाणवला, मग तळपायांना, आणि डबे इतके जवळून गेले की खिडकीतल्या मुलीने केलेला हात दादाला नीट दिसला. 1980 मध्ये या पुलाच्या खांबांना लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्याने ग्रासल्याचं आढळलं होतं. तेव्हा लोकांनी तो सोडून दिला असता, तर आज हे चालणं नसतं.

कादेर इद्रिस 893 मीटर. आकडा कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त, पण तेवढ्यावर जाऊ नये, कारण हवा समुद्रावरून थेट येऊन आदळते. आम्ही उत्तरेकडची पोनी वाट निवडली, टी नांटच्या वाहनतळावरून. जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर, चढ सातशे मीटरच्या थोडा वर, पाच-सहा तास. आदल्या रात्री हवामान खात्याचा खास डोंगराचा अंदाज वाचला. त्यात माथ्यावरचा वारा, ढग किती उंचीवर बसणार आणि अंगाला प्रत्यक्ष किती थंडी वाजेल, हे सगळं असतं. गावातल्या हवेवरून माथ्याचा अंदाज बांधू नये, हे तिथल्या प्रत्येकाने सांगितलं. पाठीवर वाऱ्यापावसाचं जाकीट, टोपी, हातमोजे, होकायंत्र, शिटी, टॉर्च आणि थर्मासात चहा. अडचण आली तर 999 फिरवून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. येणारी माणसं स्वयंसेवक असतात, पगार न घेता आपली कामंधामं सोडून येतात.

खालच्या टप्प्यात ओढा, झाडी, मग दगडी बांधांची कुरणं. बांधावरून जायला दगडातच बाहेर काढलेल्या पायऱ्या आहेत, त्या मधोमध झिजून खळगा पडलेल्या. फाटकं जशी सापडतील तशीच ठेवायची, बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं, कारण शेतकऱ्याने मेंढ्यांचा हिशेब त्यावर बसवलेला असतो. वर खिंडीत पोचलो तर वारा असा सुटला की बोलणं ऐकू येईना. ढग गुडघ्याशी.

"दादा, इथूनच फिरू या. वर हात टेकून चालावं लागेल."

"एवढं आलोय गं."

"डोंगर कुठे जातोय? परवाचा अंदाज चांगला आहे."

तो एकदा वर बघून वळला. परतलो, गावात गरम सूप प्यायलो, आणि मधल्या दिवशी पाऊस बघत नकाशाची उजळणी केली. खिंडीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची आहे. माथ्यावरून उतरताना तिथे उजवीकडे वळायचं. धुक्यात सरळ गेलात तर दक्षिणेच्या खोऱ्यात, थ्लानविहांगेल-अ-पेनांतच्या बाजूला उतराल आणि वाहनतळ डोंगरापलीकडे राहील. त्याच गावची मेरी जोन्स ही पंधरा वर्षांची मुलगी 1800 साली बायबलची प्रत मिळवायला अनवाणी बाला या गावापर्यंत चालत गेली, चाळीस किलोमीटर. बूट सुकवत असताना आम्ही तिच्याबद्दलच बोलत होतो.

त्याच्या पुढच्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. खिंडीतून डावीकडे दगडधोंड्यांचा लांब चढ, शेवटी हाताचा आधार घ्यावा लागेल असा थोडा भाग, आणि माथ्यावरचा सर्व्हेचा खांब. त्याच्या जरा खाली दगडी भिंतींची, पत्र्याच्या छपराची ठेंगणी खोली आहे. आत अंधार, ओल, भिंतीलगत दगडी बाकडी. उन्हातही तिथे बसल्यावर बरं वाटलं. उत्तरेला सरळ खाली हिमनदीने कोरलेल्या वाटीत थ्लिन अ गादेर तळं. हा डोंगर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, असं बरेच जण समजतात, पण तसं नाही. खडक मात्र ज्वालामुखीचेच, सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचे. आपला सह्याद्री यापुढे कालचा. आणि दूरवर खाडी, तिच्या तोंडावर पुलाची बारीक काळी रेघ. ज्यावरून पायांनी चाललो तेच इथून अख्खं दिसलं आणि दोन्ही दिवस एकमेकांना जोडले गेले. उतरताना फॉक्स पाथने उतरू नये. ती घसाऱ्याची वाट आहे, अपघात होतात. आलो त्याच वाटेने परतलो.

निघायच्या दिवशी बार्मथच्या मागच्या दिनास ओलाइ टेकडीवर गेलो. 1895 मध्ये फॅनी टॉल्बट यांनी ही जमीन नुकत्याच स्थापन झालेल्या, जुन्या वास्तू आणि निसर्गाच्या जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिली, ट्रस्टला मिळालेली ती पहिली जागा. तिथून उतरताना दुसऱ्या वळणावर जे कुरण लागलं, त्यातल्या फाटकाच्या खांबावरचा, वाट दाखवणारा पिवळा बाण निखळून गवतात पडला होता. फाटकाचा फोटो काढला, नकाशावरून जागेचे आकडे काढले आणि गाडीत बसल्यावर काउंटीच्या वाटा सांभाळणाऱ्या विभागाला कळवलं. आठवड्याभराने उत्तर आलं, नोंद घेतली आहे, माणूस पाठवतो. ऑक्टोबरमध्ये दक्षिणेच्या मिन्फर्द वाटेने चढायला जाणार आहे, तेव्हा बाण लागला का ते बघून येईन.