पीएफचं अंग, पीएफएमची शेपटी

२६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, तेव्हा बाबा सकाळपासून टीव्हीसमोर होते. कार्यक्रम संपल्यावर एवढंच म्हणाले, "आमचं वेगळं होतं." आमचं म्हणजे मिग-२१ एफएल, हवाई दलाच्या भाषेत टाइप ७७. बाबा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून लागले तेव्हा तिथे तेच बनत होतं. ते तर २०१३च्या डिसेंबरमध्येच कलाईकुंडा तळावरून निवृत्त झालं. त्या दिवशी आमच्याकडे टीव्ही कुणी लावला नव्हता.

म्हटलं, त्याचं प्लास्टिकचं मॉडेल करून देतो. १/७२मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं. पंखांचा पसारा खऱ्या विमानात ७.१५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये दहा सेंटिमीटरलाही जरा कमीच. पुस्तकांच्या फळीवर मावेल.

कपाटात मिग-२१ची दोन किटं पडून होती, एक पीएफ आणि एक पीएफएम (त्याच विमानाचे दुसरे प्रकार), दोन वेगवेगळ्या कंपन्यांची. एफएलचं किट बाहेरून मागवता आलं असतं, पण कस्टमचे पैसे भरून महिनाभर वाट बघण्यापेक्षा किटबॅशिंग, म्हणजे दोन किटं कापून एक करणं, बरं. शिवाय या विमानाला ते शोभतं. एफएल म्हणजे मुळातच जोडकाम आहे. कॉकपिटची काच पीएफसारखी, एकसंध आणि पुढच्या बाजूला बिजागरी असलेली. वैमानिक उडी मारताना हीच काच सीटसोबत निघायची आणि वाऱ्याचा मारा अंगावर घ्यायची. पीएफएममध्ये ही पद्धत गेली, पुढची काच पक्की झाली आणि मागचा भाग बाजूला उघडू लागला. शेपटी मात्र एफएलला पीएफएमसारखी रुंद. तेव्हा अंग पीएफचं, शेपटी पीएफएमची.

कागदावर सोपं. पीएफएमची शेपटी बारीक करवतीने कापली, ती रेषेवर नाही, रेषेच्या अर्धा मिलिमीटर बाहेरून. करवतीचं पातं जेवढं जाड, तेवढं प्लास्टिक भुगा होऊन जातं. नवशिके बरोबर रेषेवर कापतात आणि मग भोकं बुजवत बसतात. (मी पहिल्या तीन मॉडेलांत तेच केलं.) उरलेलं पॉलिश पेपरवर घासून रेषेपर्यंत आणलं. दोन बारीक भोकं पाडून पितळी तारेच्या खुंट्या घातल्या आणि कोरडंच जुळवून पाहिलं.

जुळेना. दोन्ही खोक्यांवर १/७२ छापलंय, पण शेपटीचा बुंधा पाठीपेक्षा दोन्ही बाजूंनी सुमारे ०.६ मिलिमीटर बाहेर. नाकापेक्षा मोती जड. ०.६ म्हणजे काहीच नाही असं वाटत असेल तर ७२ने गुणा. खऱ्या विमानाच्या पाठीवर चार सेंटिमीटरची पायरी!

बुंधा आतून खरवडून थोडा पातळ केला आणि उरलेली पायरी फेव्हिक्विक आणि खायच्या सोड्याने भरली. ही युक्ती सगळेच सांगतात. सोडा भुरभुरला, थेंब सोडला की क्षणात दगड. तोच घोळ झाला. भरलेलं इतकं कडक की घासताना ते जागचं हललं नाही, शेजारचं मऊ प्लास्टिकच झिजलं आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगा पडला. दोन संध्याकाळी वाया. मग सगळं उकरून काढलं आणि लापशी केली: टॅमियाचा हिरव्या झाकणाचा पातळ गोंद घ्यायचा, त्यात त्याच किटच्या स्प्रूचे (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिचे) तुकडे टाकायचे, रात्रभर विरघळू द्यायचे. काडीने लावायची, पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकला प्लास्टिकच भरलं की घासताना दोन्ही सारखं झिजतं. चांदीरंगाच्या विमानाला हे लागतंच, कारण चांदीरंग काही लपवत नाही, उलट बोट दाखवतो.

पॅराशूटचं काम त्यामानाने किरकोळ. सुरुवातीच्या पीएफला उतरल्यावर वेग कमी करणारं ब्रेकचं पॅराशूट पोटाखाली मागे होतं, एफएलला ते शेपटीच्या बुंध्याशी आलं. पोटाखालचं झाकण बुजवलं, वरची नळी शेपटीसोबत आपोआप आली.

खरा मनस्ताप दिला तो जीपी-९ने. एफएलला स्वतःची तोफ नव्हती. मग पोटाखाली जीपी-९चा डबा लटकवायचे, आत २३ मिलिमीटरची दोन नळ्यांची तोफ. १९७१मध्ये कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर विमान पाडलं ते याच तोफेने. म्हणून मला डबा हवाच होता, भले त्यामुळे पोटाखालची इंधनाची टाकी जाईना का, जागा एकच. डबा स्प्रूच्या जाड तुकड्यातून घासून घडवला, नळ्या इंजेक्शनच्या सुईच्या. तयार झाला आणि चिमट्यातून उडाला. आमच्या घरात करडी मोझेकची फरशी आहे. करडं प्लास्टिक, करडी फरशी. बायकोने टॉर्च धरला, मी पोटावर झोपून कपाटाखालचं सगळं बघितलं. सापडली ती चार वर्षांपूर्वीच्या स्पिटफायर मॉडेलची चाकं. डबा दुसऱ्यांदा घडवला. तेव्हापासून मी पिठाच्या परातीत काम करतो.

आधी काळा चकचकीत रंग, त्यावर चांदी. मागे इंजिनाच्या तोंडाशी जरा करपट छटा. नाकावर 'सी'ने सुरू होणारा क्रमांक.

रविवारी बाबांच्या हातात दिलं. पेपर वाचायचं भिंग घेऊन त्यांनी आधी पोट पाहिलं, मग काच.

"ही पुढे उघडते ना?"

"हो, चिकटवलीये पण."

मग विमान मागून डोळ्यांसमोर धरलं, एक डोळा मिटला आणि मला स्टीलची पट्टी आणायला सांगितली. बराच वेळ पट्टी शेपटीशी लावून बघत होते.

"डावीकडे झुकलीये रे. आमच्याकडे इन्स्पेक्शनने परत पाठवलं असतं."

रात्री सगळे झोपल्यावर मीही पट्टी लावून पाहिली. झुकलीये. अर्धा मिलिमीटर, टोकाला. अजून कापलेली नाही, पण करवत परातीत काढून ठेवलीये.