गल्लीनिहाय आकडा मिळेपर्यंत

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सरकारनं नुकसान झालेल्या घरांसाठी १०,००० रुपये जाहीर केले. ती मदत कुणापर्यंत पोचली, कोण सुटलं, हे आम्ही समाजकार्याचे काही विद्यार्थी तपासणार होतो. प्रश्नावली, गल्ल्या ठरवणं भराभर उरकलं. अडलं ते यादीपाशी.

ज्या कार्यालयात पंचनाम्यांची यादी होती तिथं अर्ज दिला. साहेब दौऱ्यावर. मग कॉलेजचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्यात विषय नीट लिहिलेला नाही. मधेच अर्जच सापडेना! आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली दुसरी प्रत जवळ होती म्हणून निभावलं. ती पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. शेवटी एका बाबूनं खरं सांगितलं, "नावं कसे देतीन बावा तुम्हाले? खाते नंबर आहेत न त्याच्यात." मुद्दा रास्तच. संताप याचा की हे पहिल्या दिवशी कुणी बोललं नाही. मग नवा अर्ज केला: नावं, खाती वगळा, कोणत्या गल्लीत किती पंचनामे आणि किती जणांना पैसे एवढंच द्या. एका पानाचा कागद मिळाला. त्यासाठी एवढे जोडे झिजवले.

आणि यादीत फक्त पंचनामा झालेले असतात. त्यातून सुटलेले शोधायचे तर भिंतीवरची पाण्याची खूण जिथवर दिसते तिथवर प्रत्येक दार वाजवावं लागतं. जा संध्याकाळी, दुपारी भाडेकरू कामावर असतात आणि घरमालकच भेटतात. एका घरात दोन बिऱ्हाडं आणि पंचनामा एकच, हे आम्हाला संध्याकाळीच कळलं.

'मदत मिळाली का' असं थेट विचारू नका. नाव कटेल या भीतीनं किंवा आणखी मिळेल या आशेनं उत्तर बदलतं. 'गाळ धुवायला पाणी कुठून आणलं' असं विचारा, मग लोक बोलतात. रवांडाच्या १९९४ च्या संकटानंतर जगभरातल्या मदत संस्थांनी आपत्तीत किमान किती मदत हवी याची 'स्फिअर' मानकं बनवली, त्यात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरलं आहे. आमच्या गल्ल्यांत बाटल्यांचे खोके आले होते. बायका म्हणत होत्या, टँकर पाहिजे होता.