खळ, बोटं आणि न विकायचे कागद

मागच्या नोंदीनंतर बराच कागद भिजला आहे, त्यामुळे ही नोंद जरा लांबणार. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मी ऑर्डरप्रमाणे हाताने वह्या बांधते, जुजबंदी करून, म्हणजे पानांचे छोटे गठ्ठे दोऱ्याने शिवून, आणि माझं पोट त्यावरच आहे. त्याच टेबलावर, काम आवरल्यावर, भांड्यात उरलेल्या खळीत, म्हणजे पिठाच्या शिजवलेल्या चिकीत, रंग कालवून मी बोटांनी कागदावर जे काही काढत बसते ते फक्त माझ्यासाठी असतं. मनातली गाठ सैल व्हावी म्हणून. नोंद आहे ती या दुसऱ्या कामाची.

बांधणीच्या कामानेच मन शांत होत असेल, वेगळं काही करायची काय गरज, असं अनेक जण विचारतात. सुई-दोरा सुरू असतो तेवढा वेळ ते खरं आहे. पण ऑर्डरचं काम म्हणजे मापाचं काम. पुठ्ठा तिन्ही बाजूंनी आतल्या कागदापेक्षा ३ मिमी बाहेर हवा. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा, नाहीतर खळ लागल्यावर पान वेडंवाकडं फुगतं आणि वही कधीच नीट मिटत नाही. गठ्ठ्यातली शेवटची वही पहिलीच्या शेजारी ठेवली तर जुळी वाटली पाहिजे. असं दिवसभर हाताला आवरून धरलं की संध्याकाळी दात आवळलेले असतात आणि खांदे कानाशी आलेले असतात. त्यात तारखा आणि उधारीचे हिशेब डोक्यात फिरतच असतात. हे सगळं उतरवायला मला माप नसलेलं काहीतरी हवं होतं.

खळीकडे वळले ते अगदी साध्या कारणाने. मैद्याची खळ दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणजे उरली की एक तर फेकायची किंवा वापरायची. ज्यांच्याकडे अशी उरत नाही त्यांनी एक भाग कॉर्नफ्लोर आणि साधारण सात भाग पाणी घ्यावं. आधी थोड्या गार पाण्यात कॉर्नफ्लोर कालवायचं, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधी रंग जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची आणि गार झाल्यावर गाळून घ्यायची. रंग ॲक्रिलिकच बरा. पोस्टर कलर घातला तर कागद सुकल्यावरही बोटाला रंग लागत राहतो. कागद १०० ते १२० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), मजबूत हवा. दोन्ही बाजूंनी स्पंजने ओला करायचा, पूर्ण ताणून होईपर्यंत थांबायचं, मग ॲक्रिलिकच्या पत्र्यावर पसरून खालची हवा काढून टाकायची. कोरड्या कागदावर खळ लावली तर तो मध्येच फुगतो आणि हात अडखळतो.

आता गंमत सुरू होते. रुंद ब्रशने रंगीत खळ पसरली आणि त्यातून एक बोट ओढलं की मधला रंग दोन्हीकडे सरकतो. बोटाच्या वाटेत खालचा कागद उघडा पडतो आणि दोन्ही काठांना गडद रंगाचा उंचवटा उभा राहतो. जोर वाढवला तर उंचवटा जाड, हलक्या हाताने गेलं तर नुसती सावली. बोट थांबलं तिथे छोटासा ढीग जमतो. म्हणजे हाताने काय केलं, कुठे घाई केली, कुठे कचरला, हे सगळं खळ जसंच्या तसं धरून ठेवते. आणि नको वाटलं तर ब्रश फिरवा, पाटी कोरी. खळ ओली आहे तोवरच्या त्या पाच-दहा मिनिटांत एकाच कागदावर कितीतरी चित्रं होऊन पुसली जातात. शेवटी सुकतं ते फक्त सगळ्यांत वरचं. मला या माध्यमाचा सर्वांत मोठा आधार हाच वाटतो: काहीही टिकवायची सक्ती नसते.

सुरुवातीचे कागद मात्र उत्स्फूर्त म्हणावेत असे अजिबात नव्हते. वर्षानुवर्षं मापात काम केलेला हात आपोआप मध्यबिंदू शोधतो. डावीकडे एक वळण गेलं की उजवीकडे तसंच काढतो, चारही कडांना सारखी जागा सोडतो. हात सवयीतून बाहेर काढायला मी बऱ्याच युक्त्या करून पाहिल्या. डोळे मिटून काढणं माझ्या फारसं उपयोगी पडलं नाही. लक्ष सगळं कागदाची कड कुठे संपते यातच जातं. डाव्या हाताने काढणं चांगलं. दोन्ही हातांनी एकाच वेळी, पण एक हळू आणि एक भरभर, हे सर्वांत चांगलं, कारण दोन वेगवेगळे वेग सांभाळताना डोक्याला नक्षीचा विचार करायला जागाच उरत नाही. आणि कंगवा टाळायचा. पुठ्ठ्याला दाते कापून केलेला कंगवा खळकागदाचं नेहमीचं हत्यार आहे, पण तो एका ओढीत इतक्या सुबक समांतर रेषा देतो की मोह होतो, आणि मोह झाला की मी परत वहीच्या मुखपृष्ठावर पोचते.

हत्यार आणि ओघ यांचा हा झगडा जुना आहे, हे वाचून बरं वाटलं. आंद्रे मासोन या फ्रेंच चित्रकाराने १९२४ च्या आसपास शाई-टाकाने, काही न ठरवता, हात नेईल तशी रेखाटनं केली. अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) कलावंतांची ती आवडती पद्धत होती. पण रंगचित्राकडे वळल्यावर त्याची अडचण झाली: ब्रश सारखा रंगात बुडवावा लागतो आणि दर वेळी ओघ तुटतो. १९२६ च्या अखेरीस त्याने तोडगा काढला. कॅनव्हासवर गोंद ओतायचा, त्यावर वाळू टाकायची, चिकटेल ती राहील, बाकीची झटकायची, आणि उमटलेल्या आकारांमधून चित्र पुढे न्यायचं. खळीतही हेच साधतं. रंग आधीच सगळीकडे पसरलेला असतो, हाताला फक्त तो सरकवायचा असतो, थांबून पुन्हा कुठे बुडवायचं काही नसतं. ज्यांना जलरंगात ओघ येत नाही त्यांनी खळ जरूर करून पाहावी.

उपयोग होतो का? मी दर कागदाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि तीन शब्द लिहिते: जबडा, खांदे, श्वास. प्रत्येकापुढे बसण्याआधी आणि उठताना कसं होतं त्याची खूण. चित्राचा अर्थ लावत नाही, मुद्दामच. त्यात चेहरा दिसतोय की पूर, हे शोधायला बसलं की मी पुन्हा परीक्षकाच्या खुर्चीत जाते. खुणा चाळल्या तर जबडा बहुतेक वेळा सुटलेला दिसतो, खांदे कधी सुटतात कधी नाही, श्वास सर्वांत आधी बदलतो. चांगला जमलेला कागद आणि बरं वाटणं यांचा मला काहीच संबंध दिसलेला नाही. सर्वांत मोकळं वाटलं ते ज्या दिवशी कागद घासून घासून मधोमध फाटला त्या दिवशी.

२०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेला एक छोटा अभ्यास इथे आठवतो. ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, मार्कर किंवा कोलाजचं सामान देऊन हवं ते करू दिलं आणि आधी-नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, मोजलं. साधारण पाऊणशे टक्के लोकांत ते उतरलं, आणि कलेचा पूर्वानुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे मी त्याचा फार मोठा अर्थ लावत नाही. पण अनुभवाने फरक पडत नाही ही गोष्ट आपल्यासारख्या हस्तकलेवर जगणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपलं कौशल्य इथे कामाला येत नाही, कधीकधी आडच येतं.

आता या काळातला खरा प्रसंग. एक जुने ग्राहक वह्या न्यायला आले आणि सुकत घातलेले कागद पाहून म्हणाले, "हे अस्तराला लावून द्या ना, जास्तीचे पैसे देईन." मागणी रास्त होती आणि मला मनापासून आनंदही झाला. खळकागद मुळात पुस्तकांसाठीच जन्मले आहेत. अठराव्या शतकात जर्मनीतल्या हर्नहूट इथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथातल्या भगिनी असे कागद करून विकत असत आणि बांधणीवाले ते वेष्टनाला आणि पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तराला वापरत. तेव्हा विकण्यात गैर काहीच नाही. पण त्याच संध्याकाळी बसले आणि जाणवलं की बोट कागदाच्या मधून, घडी पडेल त्या रेषेला चुकवून जातंय. निळा रंग जास्त घेतला जातोय, कारण त्यांना निळा आवडला होता. जबड्यापुढची खूण दोन्ही वेळा तीच राहिली: आवळलेला.

यावर १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या मोकळ्या वेळात पाहिलं तर बक्षीस ठरवून चित्र काढलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ मार्कर घेऊन बसत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची ओढ मात्र कायम होती. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. पैसा किंवा कौतुक वाईट नसतं, बसण्याआधीच ते ठरलेलं असणं आड येतं.

म्हणून मी दोन्ही कामांची वाटणी केली. विक्रीचे खळकागद आता वेगळ्या दिवशी, ताज्या खळीत, ठरवलेल्या रंगांत, कंगव्याने, पूर्ण तावावर करते, आणि त्या ग्राहकांना त्यातलेच दिले. ते काम मला आवडतं, पण ते काम आहे. माझे कागद मात्र कापून उरलेल्या अरुंद पट्ट्यांवर होतात. रुंदी इतकी कमी की त्यातून छोट्या वहीचंही अस्तर निघणार नाही. रंग म्हणजे दिवसभराच्या वाट्यांत जे उरलं ते सगळं एकत्र, त्यातून येणारा मातकट, राखाडी, जांभळट असा एक रंग, जो परत कधीच तसा जमत नाही. कुणी मागितलाच तर पुन्हा करून देणं शक्य नाही. मनाने ठरवलेले नियम घाईच्या दिवसांत मोडतात; कागदाच्या आकाराने घातलेला नियम मोडताच येत नाही. वाटणीनंतरच्या पहिल्या काही बैठकांत हात परत सैल व्हायला वेळ लागला, पण झाला.

व्यवसायाकडून मोकळ्या कामाकडे येणारी वाट बंद केली, उलटी, मोकळ्या हाताने कामाच्या कागदावर जाणारी वाट उघडीच आहे. रवींद्रनाथ टागोरांचं उदाहरण मला यासाठी फार जवळचं वाटतं. १९२४ च्या सुमारास कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत गेले आणि त्यातून प्राणी, चेहरे, विचित्र आकार उभे राहिले. वयाची साठी उलटून गेलेली होती. पुढे दोन हजारांहून अधिक चित्रं झाली आणि १९३० मध्ये पॅरिसला पहिलं प्रदर्शन भरलं. ते सगळं सुरू झालं ते कामाच्याच कागदावर, खोडाखोडीतून. मीही आता मापं लिहिलेले कच्चे कागद टाकून देत नाही. चुकलेला आकडा खोडायचा आणि पेन उचलायचं नाही, फोनवर कुणाशी बोलता बोलता रेघ नेत राहायची. तारखा अंगावर आलेल्या आठवड्यांत खळ भिजवायला सवड नसते, तेव्हा हे पुरतं. आणि एक चांगला परिणाम टेबलाच्या दुसऱ्या बाजूलाही दिसतोय: पुठ्ठ्यावर कापड चढवताना मी आता खळ कमी दाबते, हात हलका पडलाय, कोपरे जास्त स्वच्छ बसतायत.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण मला काही जणांनी खाजगीत विचारलं. मी करते ती स्वतःची काळजी आहे. कलोपचार ही वेगळी, प्रशिक्षित व्यक्तीने करायची गोष्ट आहे. एड्रियन हिल या चित्रकाराने क्षयाच्या रुग्णालयात स्वतः बरा होताना चित्रांचा आधार घेतला आणि १९४२ मध्ये त्यासाठी 'आर्ट थेरपी' ही संज्ञा वापरली. त्यानंतर तिला स्वतःचं शास्त्र आणि शिक्षण लाभलं आहे. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे काही नकोसं वाटत असेल, किंवा कागदावर असं काही वर येत असेल ज्याची भीती वाटते, तर खळीचं भांडं बाजूला ठेवून आधी तज्ज्ञाकडे जा. मी माझ्या एका कठीण काळात गेले होते, आणि तिथे मिळालेल्या आधारामुळेच आज हे कागद इतक्या हलक्या मनाने करू शकते.

पुढच्या टप्प्यात दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, खळीऐवजी मिथिल सेल्युलोज, म्हणजे पाण्यात विरघळून चिकट होणारी पूड, वापरून पाहायचं. ते आंबत नाही, बरणीत टिकतं, म्हणजे उरलेल्या खळीची वाट पाहावी लागणार नाही. तसा ओला उंचवटा त्यात उभा राहतो का ते पाहायचंय. दोन, साठवण. पट्ट्या सुकताना वळतात, वजनाखाली ठेवल्या तरी थप्पीत एकमेकींना चिकटतात, विशेषतः दमट दिवसांत, आणि मधे साधा कागद घातला तर तोही चिकटून येतो. सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद मधे घालून कुणी पाहिलाय का? पाहिला असेल तर महिनोन्महिने दाबून ठेवल्यावर रंगाच्या पृष्ठभागावर त्याची चमक उतरते का, ते मला नक्की सांगा.