बोटावर मोर्स: आठवडा सातवा

मोर्स म्हणजे छोट्या-लांब ठोक्यांची तारेची लिपी; ती कानाऐवजी बोटाला जाणवणाऱ्या कंपनातून वाचायला शिकतोय. मागच्या नोंदीत बोटाचा वेग मिनिटाला ५ शब्दांवर अडकलाय म्हणून रडगाणं गायलो होतो. दोष बोटाचा नव्हता, मोटरचा होता.

जुन्या मोबाइलमधली व्हायब्रेटर मोटर लावली होती. तिच्या दांड्यावर एका बाजूला जड वजन असतं. ते फिरायला वेळ घेतं आणि बंद केल्यावर लगेच थांबतही नाही. मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाला डिट, म्हणजे छोटा ठोका, १०० मिलिसेकंदांचा (१२०० भागिले वेग). तेवढ्यात मोटर धड उठतही नाही. मग 'एस'चे तीन डिट काय आणि 'एच'चे चार काय, बोटाला नुसती घरघर.

आता रेडिओतला ८ ओहमचा स्पीकर घेतलाय. कोनच्या मधोमध शर्टाचं बटण चिकटवलं, आर्डुइनोतून (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) २५० हर्ट्झ सोडले, कारण कातडीला कंपन त्याच सुमाराला सर्वांत जास्त जाणवतं. पहिल्याच संध्याकाळी 'एच'चे चारही ठोके सुटे लागले!

आमच्या वडगावात शेजारच्या मामांचे चार पॉवरलूम भिंतीपलीकडेच. कानाचा सराव करायचा तर करंट जायची वाट बघायची. बोटाच्या चाचणीला मात्र माग चालूच हवेत, नाहीतर २५० हर्ट्झ ऐकूही येतात आणि कान गुपचूप कॉपी करतो. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्यात नवीन काय रे? चारी माग चालू असले की कुठला बिघडलाय ते आवाजात कळत नाही. चौकटीवर हात ठेवला की कळतंय बघ."

चाचणी १०० अक्षरांची, पाच-पाचचे अर्थहीन गट (शब्द दिले की डोकं अंदाज मारतं), चुका १० च्या आत. मिनिटाला शब्द: कान १६, बोट ९, एलईडीकडे बघत डोळा जेमतेम ६. वाचनात सगळ्यांच्या पुढे असणारा डोळा इथे शेवटी! पण वाचताना तो अख्खा शब्द एका नजरेत उचलतो, एका लुकलुकत्या दिव्यात उचलायला काही नसतंच. वेळेतली बारीक फट पकडावी कानानेच, अगदी दोन-तीन मिलिसेकंदांचीसुद्धा. १९३९ मध्ये टेड मॅकेलरॉय या अमेरिकन मोर्स ऑपरेटरने मिनिटाला ७५.२ शब्द घेतले ते कानानेच.

बोटाला मंद म्हणायला मात्र मी तयार नाही. सरावलेले ब्रेल वाचक मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द वाचतात. तिथे बोट सरकतं, सहा ठिपक्यांची जागा एकदम लागते. मी त्याला एका बटणावर बसवून ठेवलंय.

हिशेब मांडला: २६ पैकी एक अक्षर म्हणजे ४.७ बिट (माहिती मोजायचं एकक), म्हणजे माझा कान सेकंदाला साधारण ६ बिट, बोट साडेतीन. २०१९ च्या एका अभ्यासात १७ भाषांमधल्या बोलण्याची सरासरी सेकंदाला ३९ बिट निघाली होती. मोजायची रीत वेगळी आहे, तरी आकडा बघून जरा गप्पच झालो.

पुढच्या आठवड्यात दुसरा स्पीकर: डिट तर्जनीला, डाह (लांब ठोका) मधल्या बोटाला. बटण कालच निघून आलंय, ते आधी चिकटवायचं.