लेकरू नव्हे, वेगळीच जात

सोयाबीन फुलावर आलं की आमच्या कृषी महाविद्यालयाची शेवटच्या वर्षाची पोरं गावोगावी पांगलेली असतात. मी कीटकशास्त्र शिकवतो. जिंतूर तालुक्यात, येलदरीच्या बाजूला, एका शेतात मित्रकीटकांच्या, म्हणजे किडी खाणाऱ्या कीटकांच्या, नोंदी चालल्या होत्या. चक्रीभुंगा, खोडमाशी या सोयाबीनच्या किडी पोरांना तोंडपाठ. चतुरांपाशी (ड्रॅगनफ्लाय) मात्र गाडी अडायची.

शेततळ्याच्या बांधावर दोन मापांचे हिरवे चतुर होते. मोठा काडीवर, पाचेक सेंटिमीटरचा. छोटा जेमतेम तीनचा, उघड्या मातीवर बसलेला. उठवला तरी थोडं उडून पुन्हा जमिनीवरच. शेतमालक काका म्हणाले, "सर, हे बारकं त्याचं लेकरू आसंल." दोन-तीन पोरांनीही माना डोलावल्या!

चतुराला पंख फुटले की वाढ संपली. वाढतं ते पाण्यातलं पिल्लू, डासांच्या अळ्या खात, कात टाकत. हे सांगतोय तोवर मोठ्यानं झेप घेतली, छोट्याला हवेतच धरलं आणि काडीवर बसून डोक्यापासून कुरतडायला लागला. सुटे पंख खाली मातीत पडले.

"आरं बापा, लेकरालाच खातंय की वं!"

तो मोठा म्हणजे ऑर्थेट्रम सबिना. उदराचं बूड फुगीर, मधे एकदम बारीक, टोक काळं आणि रुंद. दुसरे चतुर खाण्यात पटाईत. छोटा आणखी एक जाळीत आला. चारही पंख पाठीवर जुळवून चिमटीत धरला आणि भिंगाखाली पोरांना दाखवला: हिरवट-पिवळ्या उदरावर काळे पट्टे, पंखांची टोकं स्वच्छ, शेपटाच्या टोकाची उपांगं पांढुरकी. डिप्लॅकोडिस ट्रिव्हिॲलिस. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ रँबर यांनी १८४२ मध्ये वर्णन केलेली जात.

"फक्त आपल्याकडंच असतो का सर?" एका मुलीनं विचारलं. सेशेल्स बेटांपासून भारत, चीन, जपान करत थेट ऑस्ट्रेलियापर्यंत, म्हटलं. काकांना काही ते पटलं नाही. एवढुसा जीव, म्हणाले, आन् आस्ट्रेलिया?

नोंदवहीत पोरांनी "निळा छोटा" म्हणून आणखी एक रकाना पाडला होता. तो ह्याचाच वयात आलेला नर. कोवळेपणी तोही हिरवाच असतो. वय वाढलं की अंगावर निळसर राखाडी भुकटी चढते आणि पट्टे झाकले जातात. मादी हिरवटच राहते. दोन्ही रकाने एक करायला लावले. एक जात कमी झाली म्हणून पोरं जरा हिरमुसलीच.